उसनी खाट, उसना वॉकर: बेळगावातल्या रुग्णसाहित्य केंद्रांबद्दल

महिना-दोन महिन्यांच्या आजारपणासाठी खाट, वॉकर किंवा व्हीलचेअर विकत घेऊ नका. बेळगावात सेवाभावी संस्था आणि ट्रस्ट अनामत ठेवून, नाममात्र भाड्यात हे सामान देतात. डिस्चार्ज मिळाल्यावर खानापूर-निपाणीकडे जाणाऱ्यांनाही वाटेत ते उचलता येतं. सेवा म्हणून मनापासून शिफारस. एकच उणीव ठळक आहे: सामान रुग्णाच्या मापाचं आहे का, हे बघून देणारा माणूस प्रत्येक केंद्रात असेलच असं नाही. ते काम घरच्यांनी करायचं.

आधी फोन करा. बरीचशी केंद्रं स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे ती दिवसभर उघडी नसतात. आधारची झेरॉक्स, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अनामत जवळ ठेवा, पावती जपून ठेवा. अनामत त्या पावतीवरच परत मिळते.

वॉकर नेताना रुग्णाला सोबत न्या, नाहीतर माप तरी घ्या. चप्पल घालून सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ हवी. उंच झाला तर खांदे वर चढतात, ठेंगणा झाला तर माणूस वाकून चालतो आणि पुढे कोलमडतो. पायांतली बटणं चारही ठिकाणी भोकातून पूर्ण बाहेर आली आहेत ना, बोटाने चाचपा. मग वॉकर उलटा करून रबरी बूट बघा. घासून आतली नळी दिसू लागली असेल तर तो वॉकर ओल्या फरशीवर सटकणारच. असा वॉकर घेऊ नका, बूट बदलून मागा.

व्हीलचेअरच्या बाबतीत घराचा दरवाजा आधी मोजा. अठरा इंची बैठकीची खुर्ची बाहेरून 24 ते 26 इंच भरते. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत न्हाणीघराचं दार त्याहून अरुंद असतं, तेव्हा सोबत कमोड खुर्चीही मागून घ्या.

खाट आणायला छोटा हत्ती लागतो, आणि जिन्याच्या वळणावर ती अडकते. शक्यतो तळमजल्यावरच लावा. केंद्रातच दोन्ही हँडल फिरवून बघा: एकाने पाठ उचलते, दुसऱ्याने गुडघे. चाकांचे ब्रेकही तपासा.

एअरबेड ही या केंद्रांतली सर्वांत मोलाची वस्तू, आणि चुकीच्या वापराने सर्वांत लवकर खराब होणारीही. गादीच्या कप्प्यांत पंप आलटूनपालटून हवा भरतो, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. त्यावर एकच पातळ चादर घाला. मायेपोटी वर गोधडी घातली की सगळा उपयोग गेला. रुग्ण झोपल्यावर कमरेखाली, गादीच्या खालून हात घाला. शरीर खालच्या पलंगाला टेकलेलं जाणवलं तर पंपाची डायल वाढवा. सेफ्टी पिना आणि बांगड्या दूर ठेवा, नळी खाटेच्या दांडीत चिमटू देऊ नका. एअरबेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, नाहीतर जखमा होतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, मात्र विचार करूनच न्या. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र करंटवर चालतं. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात लाइन गेली की यंत्र बंद. म्हणून सोबत भरलेलं सिलिंडर हवंच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर लावला तर साडेबारा तास पुरतो. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा, बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी रोज बदला. देवघरातली समई आणि गॅसची शेगडी त्या खोलीत नको. लिटर किती ते डॉक्टरच ठरवतील. फुप्फुसाच्या जुन्या विकारात जास्त ऑक्सिजनने अपाय होतो. कॅन्युला, म्हणजे नाकात लावायची नळी, नेहमी नवी घ्या, दुसऱ्याची वापरलेली नको.

गरज कायमची असेल तर उसन्यावर राहू नका. किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, आणि साठी ओलांडलेल्या गरजूंसाठी वयोश्री योजनेत, साधनं मिळतात. उत्पन्नाची अट दोन्हीकडे आहे.

आता केंद्रांना काय द्यावं. जुन्या गाद्या आणि उरलेली औषधं नकोत. वॉकरचे रबरी बूट, खाटेची चाकं, एअरबेडचे पंप, कॉन्सन्ट्रेटरच्या जाळ्या द्या. केवळ दोनशे-चारशे रुपयांच्या भागावाचून अख्खी वस्तू कोपऱ्यात पडते. वेल्डिंग किंवा मोटर दुरुस्ती येणाऱ्याने महिन्यातला एक रविवार दिला तर त्याचं मोल देणगीपेक्षा जास्त. पैसे द्यायचे तर चेकने किंवा ऑनलाइन द्या: देणगीवरची आयकर सवलत 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, वस्तूरूप देणगीला तर मुळीच नाही, आणि नव्या करप्रणालीत ती लागूच नाही.

सगळ्यात मोठी मदत म्हणजे सामान वेळेत परत करणं. रुग्ण बरा होतो, किंवा जातो. दिवसकार्याच्या धावपळीत खाट माळ्यावर किंवा परसात पडून गंजते, आणि पुढच्या घराला "शिल्लक नाही" हे उत्तर मिळतं. सामान नेतानाच घरातल्या एकाला परतीची जबाबदारी द्या आणि त्याचाच नंबर पावतीवर लिहा. देताना साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, सुटे स्क्रू पिशवीत बांधून द्या.