शिडाच्या बोटीत टिन्ड वायर टाकली, बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, घाई असलेल्यांना तेवढं पुरेल. बोटीसाठी टिन्ड तांब्याचीच वायर घ्या, म्हणजे आतल्या एकेका बारीक तारेला कल्हई केलेली. आणि जाडी ठरवताना नुसते अँपिअर बघू नका, व्होल्टेज ड्रॉप बघा, म्हणजे वायरमध्ये वाटेतच किती व्होल्ट गळतात ते.

जुनं वायरिंग साध्या तांब्याचं होतं. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची वायर सोलली तर आत काळंठिक्कर, म्हणून अजून थोडी सोलली तर तेच, पार वीतभर कापत गेलो तरी हिरवट भुकटीच निघत होती, आणि बाहेरून कव्हर एकदम ठणठणीत! टोकाला पाणी लागलं की केशाकर्षणाने ते तारांमधून आत चढत जातं, त्यात खारं पाणी म्हणजे विचारायलाच नको. आता त्याच जागी टिन्ड वायर आहे, परवा मुद्दाम एक जॉइंट कापून बघितला, कायम ओलाव्यात असूनही तारा चंदेरी. पैसे जास्त गेले पण हे बघून समाधान वाटलं.

घरातली सिंगल कोर वायर बोटीत अजिबात नको, सततच्या हादऱ्यांनी ती आतल्या आत तुटते. मी टाइप 3 घेतली, म्हणजे जास्त बारीक तारांची लवचिक वायर, 14 गेजमध्ये (गेज म्हणजे जाडीचा आकडा) 41 बारीक तारा येतात, वळणावर छान बसते. गाडीची वायर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गेजचा आकडा तोच असला तरी एसएई मापाच्या (गाड्यांसाठीचं अमेरिकन माप) वायरमध्ये तांबं साधारण 6 ते 12 टक्के कमी असतं.

आता जाडीचं. डोलकाठीच्या टोकावरचा 25 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर जेमतेम 2.1 अँपिअर घेतो, त्यामुळे 1.5 स्क्वेअर एमएम भरपूर झाली असं वाटतं. पण पॅनलपासून दिव्यापर्यंत 18 मीटर धरले तर करंटला जाऊन परत यायचंय, म्हणजे 36 मीटर. 1.5 मध्ये जवळपास 0.87 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे 7 टक्क्यांच्या वर. 2.5 मध्ये साडेचारच्या आसपास, आणि 4 घेतली तरच 3 टक्क्यांच्या आत बसतं. डोलकाठीवरच्या अशा नेव्हिगेशन लाइटला एबीवायसीच्या (बोटींची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) हिशोबाने 3 टक्केच चालतात, केबिनमधल्या दिव्याला 10 पर्यंत चालून जातं. एलईडी लावला तर करंट इतका कमी होतो की 1.5 पण पुरते, तरी डोलकाठीत मी 2.5 च ओढली, कारण तिथे वायर स्वतःच्या वजनाने लोंबकळते आणि ताण घेते.

तक्रार एकच, दोन कोरवाली केबल बाहेरच्या आवरणामुळे कडक आहे, जुन्या पाइपातून ओढताना जीव गेला.

वायर कितीही भारी घेतली तरी टोकं नीट नसतील तर फुकट. रॅचेटवाल्या टूलने क्रिंप करा, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून घट्ट बसवा, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावा. नुसत्या सोल्डरवर जॉइंट सोडू नका, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. डीसी निगेटिव्हला मी पिवळी वायर वापरली, काळी पण चालते, पण अमेरिकन पद्धतीच्या एसी वायरिंगमध्ये लाइव्ह काळी असते, तिथे गफलत झाली तर जिवावर बेतेल. फ्यूज वायरच्या क्षमतेप्रमाणे निवडा आणि बॅटरीपासून 7 इंचांच्या आत बसवा, कारण तो उपकरणासाठी नसून वायरला आग लागू नये म्हणून असतो.

आणि हो, डोलकाठीत वायर खडखडते म्हणून थर्माकोल कोंबू नका. पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर त्यात उतरतं आणि कव्हर कडक होऊन तडकतं. मी वायरला ठराविक अंतरावर लांब केबल टाय तीन दिशांना बांधले आणि शेपट्या न कापता तशाच ठेवल्या, नांगरावर असताना रात्री खडखड होत नाही.