लिंबाच्या रोपांसाठी मायकोरायझा पावडर: एक वर्ष वापरून बघितली

खारघरला आमची बाल्कनी पश्चिमेची, मे महिन्यात दुपारी ग्रिलला हात लावता येत नाही एवढी तापते, आणि तिथेच मी बियांपासून केलेली कागदी लिंबाची सहा रोपं आहेत. मागच्या पावसाळ्यात ग्रो बॅगेत लावताना तिघांच्या मुळांना ही पावडर चोळली, तिघं तशीच लावली. माती तीच, शेणखत तेवढंच.

ही मुळांत राहणारी चांगली बुरशी आहे. लिंबू-संत्र्याला केशमुळं मुळातच कमी आणि आखूड, म्हणून या झाडांना तिची गरज जास्त. तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक, मूळ शिरत नाही अशा फटीतलं पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) ते झाडाला आणून देतात, आणि झाड तिला साखर देतं.

खरी परीक्षा यंदा मे महिन्यात झाली. पाच दिवस गावी गेलो, शेजारच्या काकूंकडे चावी दिलेली पण त्यांनाही अचानक निघावं लागलं, रात्री येऊन बघते तर बिनपावडरवाल्या तिघांची पानं द्रोणासारखी वळलेली, हात लागला तशी टपटप गळली. पावडरवाली मलूल होती पण शेंडे हिरवे होते, पाणी घातलं आणि सकाळी पानं परत ताठ!! दुसऱ्या तिघांतलं एक गेलंच, दोघांना महिन्याने फूट आली. सहाच रोपं आहेत हे मान्य, पण मला फरक डोळ्यांनी दिसला.

नाराजी आहे ती जिथून घेतली त्या नर्सरीवर (नाव नको). पाकिटं बाहेर उन्हात टांगलेली, जिवंत वस्तू आहे हो ती! वर सांगितलं की मातीवर शिंपडा आणि सोबत डीएपी (भरपूर स्फुरद असलेलं रासायनिक खत) टाका. दोन्ही चूक. ती मुळाला चिकटायला हवी, आणि स्फुरद भरपूर मिळालं की झाड बुरशीला फारसं जवळ करत नाही. बुरशीनाशकही जपूनच वापरा. आणि मुळांवर काही दिसत नाही म्हणून फेकून देऊ नका, ती रंग देऊन मायक्रोस्कोपखालीच दिसते.

पावडरला पाचपैकी चार. तारीख बघून, सावलीत ठेवलेलं पाकीटच घ्या.

आईने गावाहून ईडलिंबाच्या बिया ओल्या फडक्यात बांधून दिल्यात, त्या रुजल्या की या वेळी सगळ्यांनाच लावणार, एकालाही तसंच ठेवायची हिंमत नाही आता.