लाकडाच्या घनफुटाचं ॲप: आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

दिवाळीनंतर गावच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा हे फुकट ॲप मोबाईलमध्ये घेतलं, मग भावाच्या पडवीला आणि शेजारच्या गोठ्यालाही तेच वापरलं, आता मृगाचा पाऊस अंगावर घेऊन झाला, घरात थेंब नाही, म्हणून लिहितोय.

चिरलेल्या मालाला एकदम मस्त. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, गुणा आणि १४४ ने भागा, एवढंच तर असतं पण कागदावर हमखास चुकतं. आमचं घर दोन पाखी, म्हणजे छपराला दोन उतार, ३० बाय २० फूट, दोन्ही बाजूंना फूट फूट बाहेर धरून आढं, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड, ३२ फूट, दर २ फुटांवर वासा म्हणजे एका पाखीला १७, एकूण ३४. ३ बाय ४ चे १४ फुटी वासे, ॲपने ३९.६७ घनफूट दिलं, वखारीतही तेच निघालं.

पण ते १४ ॲपने काढलेलं नाही हां! मी भरलं होतं १२, म्हणजे आढ्याखालून भिंतीपर्यंत १० आणि पागोळ्या लांब पडाव्यात म्हणून २. सुतारकाकांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे बाळा, वासा काय झोपून जातो होय? उतार कुठाय?" ३० अंशाच्या उताराला १.१५५ ने गुणायचं, १२ चे जवळपास १४ होतात. तसेच मागवले असते तर ३४ च्या ३४ तोकडे, अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो.

गोल ओंडक्याला जपून. किंजळीचा ओंडका होता, मध्यावर घेर ४ फूट, लांबी १०. ॲप म्हणतं १२.७३ घनफूट. वखारवाल्याने दोरी गुंडाळली, तिच्या चार घड्या केल्या, घडी टेपला लावली, बरोबर १ फूट, म्हणजे १ गुणिले १ गुणिले १०, झाले १० घनफूट. मला वाटलं हा माणूस स्वतःचंच नुकसान करून घेतोय, मग कळलं की बाजारातला हिशोबच पाव घेराचा आणि दरही त्यावरच बांधलेला, त्यामुळे ॲपच्या आकड्याला वखारीचा दर लावला की खर्च सव्वापटीच्या वर दिसतो. पाव घेराचा पर्याय सेटिंगमध्ये पार आत आहे, आधी तो चालू करा. आणि त्या १० घनफुटातून साल, पांढरा भाग, आऱ्याचा भुसा जाऊन हातात किती येणार हे ॲप सांगत नाही, ते सुतारालाच विचारा.

रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर तर ॲपवर सोडूच नका, तिथे आधीच १२ इंच भरलेलं असतं. आम्ही आमचीच दोन मंगलोरी कौलं जमिनीवर एकात एक अडकवून टेप लावली, साडेबारा आलं. त्या हिशोबाने पाखीला १५ ओळी, दोन्ही मिळून २ बाय १ ची ९६० रनिंग फूट रीप, तुटफूट वेगळी.

चार स्टार देतोय. उताराचा रकाना टाकला की पाचवा नक्की.