नार्विकसाठी अर्धाच दिवस: एका सहलीविषयी अभिप्राय

सोलापुरातील एका पर्यटन संस्थेबरोबर गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांनी नॉर्वे-स्वीडनच्या उत्तर भागाची सहल केली. निवास स्वच्छ होता, शाकाहारी जेवण वेळेवर मिळाले आणि शेंगा चटणीची पाकिटे संस्थेने आपणहून बरोबर घेतली होती, हे आवर्जून नोंदवतो. तक्रार आहे ती नॉर्वेतील नार्विक या बंदर-शहराविषयी.

माहितीपुस्तिकेत नार्विकची ओळख ‘बर्फाने गोठलेले रमणीय बंदर’ एवढ्यावर आटोपली आहे. वास्तविक हे बंदर गोठत नाही, म्हणूनच ते शहर तेथे आहे. स्वीडनमधील किरुनाचे लोहखनिज जहाजांवर चढवायचे, तर बोथनियाच्या आखातातील लुलेओ बंदर हिवाळ्यात गोठते. नार्विक मात्र आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे बारमाही खुले राहते. त्यासाठी डोंगरांतून रेल्वे आणली गेली, ती १९०२ मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी नार्विकला शहराचा दर्जा मिळाला. नॉर्वेच्या उर्वरित रेल्वेजाळ्याशी हा मार्ग आजही जोडलेला नाही.

किरुनाहून आम्हाला रेल्वेनेच आणले, हे संस्थेने उत्तम केले. सीमेपासून सुमारे ४३ किलोमीटरांचा उतार फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद समुद्रखाडीच्या, कडेने उतरतो. एका ठिकाणी आमची गाडी थांबली आणि समोरून रिकामी खनिजगाडी वर चढू लागली. पत्नीने वाघिणी मोजायला सुरुवात केली, ती अडुसष्टावर थांबली. पुढे खाली पाण्यात १९४० मध्ये बुडालेल्या जर्मन विनाशिकेचे गंजलेले टोक दिसले. मार्गदर्शक त्या वेळी बिस्किटे वाटत होते.

शहरात मिळालेल्या साडेतीन तासांपैकी दोन भेटवस्तूंच्या दुकानात गेले. याच खनिजाच्या वाटेवर ताबा मिळवण्यासाठी ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा येथे उतरल्या, नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश व ब्रिटिश सैन्याने २८ मे रोजी शहर परत घेतले आणि फ्रान्स कोसळू लागल्याने दोस्तांना ते लगेच सोडावेही लागले. पण युद्धसंग्रहालय आम्ही बसच्या काचेतून पाहिले. ज्यांच्या घरी जुन्या गिरणीच्या भोंग्यावर चहा होत असे, त्या सोलापूरकरांना एका उद्योगावर उभे राहिलेले शहर समजावून सांगण्याची गरज नव्हती, ते नीट दाखवले असते तरी पुरले असते.

परतल्यावर मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी आभार मानले आणि यंदाची पुस्तिका घरी पाठवली. तिच्यात नार्विक अजूनही गोठलेलेच आहे.