टेलिमानस १४४१६ : रात्री अडीचला लावलेला फोन

मी ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. मागच्या लग्नसराईत एके दिवशी सुईत दोरा ओवायला घेतला आणि हात इतका थरथरायला लागला की दोरा काही केल्या जाईना, छातीत धडधड, घसा कोरडा, वाटलं अटॅकच आला. मिस्टरांनी गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. अहो मुद्दाम कोण घेतं टेन्शन? त्यापुढे काय करायचं ते काही सांगितलं नाही, आम्ही घरी आलो.

मग रात्रीचं सुरू झालं. दोन-अडीचला टक्क जाग यायची आणि डोक्यात भुंगा. मुलगा पुण्याला शिकायला आहे, त्याने रात्री फोन उचलला नाही, का नाही उचलला, गाडीवर होता का, हेल्मेट घातलं असेल का, आणि तिथून थेट अॅक्सिडेंट, पोलिसांचा फोन, सगळं डोळ्यासमोर. त्यातून सुटले की उद्या द्यायच्या ब्लाउजचं अस्तर उलटं तर नाही ना लावलं. उठून लाइट लावून बघून यायचे, बरोबरच असायचं, परत आडवी झाले की वाटायचं नीट बघितलं का.

भाचीने एक ध्यानाचं अॅप टाकून दिलं. सात दिवस फुकट होतं, आठव्या दिवशी खात्यातून वर्षाचे पैसे कापून गेले आणि आतली बाई इंग्रजीत बोलायची, समुद्राचा आवाज लावून. ज्यांना जमतं त्यांनी करा, माझं मन काही त्यात रमलं नाही.

१४४१६ नंबर भाचीनेच दिला. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेची देखरेख आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मराठी आहे. मी रात्री अडीचला स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, आवाज दाबून बोलत होते. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, सावकाश बोला, घाई नाही." एवढ्यावरच मला रडू फुटलं आणि त्या गप्प राहिल्या, मधे बोलल्या नाहीत, रडणं थांबवायला गेल्या नाहीत. कित्येक महिन्यांत माझं बोलणं कोणी असं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

मग त्यांनी श्वास सोडायला लावला. घेताना चार आकडे, सोडताना सहा, सोडायचा तो लांब. मग आजूबाजूला दिसतात त्या पाच वस्तू मोठ्याने सांगा म्हणाल्या. डबा, लाटणं, गॅसचा लायटर, पाण्याचा माठ, कॅलेंडर. ऐकायला पोरकट वाटेल पण माठापर्यंत येईस्तोवर धडधड खरंच कमी झाली होती.

खरा उपयोग झाला तो वहीचा. त्यांनी सांगितलं विचार अडवू नका, त्यांना वेळ ठरवून द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, त्यातच काळजी करायची, रात्री विचार आला तर एक ओळ लिहून ठेवायची आणि उद्या बघू म्हणायचं. मी माझ्या मापाच्या वहीची मागची पानं घेतली. पुढून छाती ३६, बाही ११, मागून काळज्या. दिवा लावून झाला की पावणेसातला बसते. एका बाजूला काय होईल असं वाटलं, दुसऱ्या बाजूला काय झालं. दोन आठवड्यांचं लिहिलेलं एकदा सलग वाचलं, मुलाच्या नावापुढे सहा वेळा "फोन सायलेंटवर होता" लिहिलेलं आहे.

एक समजून घ्या, एका फोनने कोणी बरं होत नाही, आणि तसं कोणी म्हणतही नाही. बोलणारा पहिला माणूस समुपदेशक असतो, गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात. मला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं आणि थायरॉइड तपासून घ्या म्हणाले, कारण थायरॉइड जास्त काम करायला लागलं तरी अशीच धडधड आणि थरथर होते. माझं नॉर्मल निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात हे आधीच सांगितलं म्हणून मी धीर धरला, आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हेही बजावलं. संध्याकाळचा चहा सोडला, तो सगळ्यात अवघड गेला. अजूनही आठवड्यातून एखाद्या रात्री जाग येतेच, पण आता वीस मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणात लोळत नाही, उठून हुक-काज करत बसते.

माझ्याकडून पाच पैकी पाच स्टार. आणि हो, छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी दवाखाना, ईसीजी, मग बाकीचं. कोणाला फोन लावायचा धीर होत नसेल तर घरातल्यांनी शेजारी बसून लावून द्या आणि बोलणं सुरू झालं की खोलीतून बाहेर या. माझ्या नणंदेला मी गेल्या महिन्यात तसाच लावून दिला, ती चाळीस मिनिटं बोलत होती.