स्टेअरिंग थरथरतंय: आधी बॅलन्सिंग करायचं की खालचं काम काढायचं?

जुनी गाडी, स्टेअरिंग थरथरते आणि मिस्त्री म्हणते खालचं काम काढा. तवा दोनच रस्ते उरतात, एक तर तालुक्याच्या टायरवाल्याकडून चारी चाकं बॅलन्स करून घ्या (रिमला बारकी वजनं लावून चाक सारखं फिरंल असं करणं), चारपाचशेत भागते, नाहीतर लोअर आर्म (चाक गाडीला धरून ठेवणारा खालचा दांडा), त्याचे रबरी बुश, त्याच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट बदला, त्यात पाच-सात हजार सहज जातात. माझ्या 2010 च्या गाडीचं मी दोन्ही केलं पण उलटं केलं, म्हणून सांगतो, खिशात हात घालायच्या आधी थरथर नेमकी केव्हा येते तेवढं पाहा.

पांढरकवड्याहून हिंगणघाटकडे हायवेनं निघालात, 80 ला थरथर सुरू झाली, 100 पर्यंत वाढली अन् गाडी हळू केली की गेली, तर बहुतेक चाकाचंच काम आहे. त्यातही थरथर स्टेअरिंगमध्ये असंल तर समोरची चाकं, सीटखाली असंल तर मागची. आणि आपल्या भागात याला काळी माती लय कारण होते, पावसाळ्यात वावराच्या रस्त्यानं गाडी काढली की चिखल रिमच्या आतून बसतो, उन्हानं विटेसारखा वाळतो आणि बाहेरून चाक एकदम स्वच्छ दिसते. माझ्या डाव्या चाकातून पेचकसानं खरवडून तळहाताएवढं ढेकूळ निघालं, पण तोवर मी दोन्ही लोअर आर्म बदलून बसलो होतो! जुने बुश चिरले होते हे खरं, काम वाया नाही गेलं, पण थरथर जशीच्या तशी होती, माती काढून बॅलन्सिंग केल्यावरच गेली.

आता दुसरी बाजू. गावातल्या गड्ड्यात 20-30 लाच खटखट होते, गाडी इकडंतिकडं भटकते, ब्रेक मारला की तोंड फिरवते, तर बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात. सपाट जागी मागच्या चाकाला दगड लावा, समोरचं चाक जॅकवर उचला (गाडीखाली शिरू नका) आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बॉल जॉइंट नाहीतर चाकाचं बेअरिंग, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग समजा. फक्त डावी-उजवीकडं धरून हललं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक). बॉल जॉइंट ढिला असंल तर पगार व्हायची वाट पाहू नका बाप्पा, तो निसटला की चालत्या गाडीचं चाक आडवं होते.

दोन्ही खर्च चुकीचे ठरतात असंही होते. फक्त ब्रेकवर थरथरते तर ब्रेकची डिस्क पाहा, फक्त रेस दिल्यावर थरथरते तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा आतला जॉइंट. टायरवर फुगा आला असंल तर बॅलन्सिंग करूच नका, टायरच बदला. अलाइनमेंटनं (चाकांची दिशा सरळ लावणं) थरथर जात नाही, पण टाय रॉड एंड बदलला तर ते करावंच लागते.

माझं मत विचाराल तर जॅकवर प्ले नसंल तर आधी माती काढून बॅलन्सिंग. त्यानंतरही थोडी थरथर उरली तर बुशकडं जा, कारण ढिले बुश चाकातला बारीकसा फरकही स्टेअरिंगपर्यंत आणतात. बुश बदलताना मात्र तिथंच उभे राहा, लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, लटकत्या चाकावर कसले की रबर पिळलेलं राहते आणि नवा बुशही लवकर फाटते.