जवळच्या गावाला जाताना: द्रुतगती मार्ग की जुना रस्ता?

शहरापासून ५०-६० किलोमीटरवरच्या गावाला जायचे आहे आणि तिकडे दोन रस्ते जातात: एक नवा, ठरावीक ठिकाणीच आत शिरता आणि बाहेर पडता येणारा द्रुतगती मार्ग, आणि दुसरा गावागावांतून जाणारा जुना, दुपदरी महामार्ग. अशा वेळी बहुतेक जण फारसा विचार न करता नव्या रस्त्याला लागतात. लांबच्या प्रवासात तो निर्णय योग्यच असतो. छोट्या प्रवासाचा हिशेब मात्र वेगळा निघतो, असे माझे मत आहे. दोन्ही रस्त्यांनी मी एकट्याने आणि घरच्यांना घेऊनही गाडी चालवली आहे, आणि दिवसाउजेडी निघायचे असेल तर आता माझी गाडी बहुधा जुन्या रस्त्याला वळते. तरीही नव्या रस्त्याच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगायला हवे, कारण ते थोडेथोडके नाही.

त्यातली सर्वांत मोठी गोष्ट सुरक्षिततेची. मध्ये दुभाजक असल्यामुळे समोरून वाहन अंगावर येत नाही, चौक नसल्यामुळे आडवे कोणी घुसत नाही, आणि पायी चालणारे, सायकलवाले, गुरे यांना तिथे वावच नसतो. ज्या अपघातांत माणसे जास्त दगावतात, म्हणजे समोरासमोरची धडक आणि चौकातली बाजूने बसणारी धडक, त्यांची शक्यता अशा रस्त्यावर फारच कमी होते. सारख्याच अंतराला जीवघेण्या अपघाताचे प्रमाण दुपदरी रस्त्यांपेक्षा या रस्त्यांवर कमी असते, हे अनेक देशांच्या आकडेवारीत दिसून आले आहे. ज्यांचा हात गाडीवर अजून बसलेला नाही, किंवा समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज घेताना जे गोंधळतात, त्यांनी या एका कारणासाठी नवा रस्ता धरला तर मी त्यांना अडवणार नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र नव्या रस्त्याला वाजवीपेक्षा जास्त श्रेय मिळते, कारण आपण फक्त मधल्या मोकळ्या पट्ट्याचा वेग लक्षात ठेवतो. समजा, जुन्या रस्त्याने गाव ६० किलोमीटरवर आहे. शहरातून बाहेर पडणे, वाटेतल्या वस्त्या, गतिरोधक आणि एखादा बाजाराचा चौक असे सगळे धरून सरासरी ताशी ४५ किलोमीटर पडली, तर ८० मिनिटे लागतील. द्रुतगती मार्गाने जायचे तर आधी त्याच्या तोंडापर्यंत पोहोचावे लागते, आणि ते बहुधा शहराच्या दुसऱ्याच टोकाला असते. गर्दीतले ते १० किलोमीटर ताशी २५च्या चालीने गेले तर २४ मिनिटे तिथेच संपतात. पुढचे ४८ किलोमीटर ताशी ९५ने सुमारे ३० मिनिटांत होतील, आणि उतरल्यावर गावात शिरण्यासाठीच्या ८ किलोमीटरना ताशी ३५ने आणखी १४ मिनिटे लागतील. एकूण ६८ मिनिटे झाली. सगळे सुरळीत पार पडले तर १२ मिनिटे वाचली, आणि त्यात टोलनाक्यावरचा वेळ अजून धरलेला नाही. अंतर १०० किलोमीटरच्या पुढे गेले की मधला पट्टा वाढतो, दोन्ही टोकांचा वेळ तेवढाच राहतो आणि पारडे नव्या रस्त्याकडे झुकते. तुमच्या घरापासून द्रुतगती मार्गाचे तोंड दोनच किलोमीटरवर असेल तर माझा हिशेब तुम्हाला लागू पडणार नाही, हेही खरे.

इंधनाचा मुद्दा मी फार ताणणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८०ऐवजी १००ने गेल्यास तो दीडपटीहून थोडा जास्त होतो. उलट जुन्या रस्त्यावर सतत ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात इंधन जाते. माझ्या अनुभवात दोन्हींचा फरक निर्णय बदलण्याइतका कधी जाणवला नाही.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती वेगळीच आहे. द्रुतगती मार्गावर एकदा शिरलात की पुढची एक्झिट येईपर्यंत थांबणे, वळणे, परत फिरणे यांपैकी काहीच आपल्या हातात राहत नाही. रस्ता वाहता असतो तोवर हे जाणवतही नाही. तो तुंबला की मात्र फार जाणवते. एकदा आई बरोबर होती. तिला मधुमेह आहे आणि तासाभराने तरी कुठेतरी उतरावे लागते. पुढे एक अवजड वाहन बंद पडले होते आणि आमच्या दिशेच्या सगळ्या लेन थांबल्या होत्या. पुढच्या गाडीचे लाल दिवे विझायचे, आम्ही दहा-पंधरा फूट सरकायचो आणि दिवे पुन्हा लागायचे. एक्झिट २ किलोमीटरवर असल्याचा फलक समोर दिसत होता आणि तो मोठा होत नव्हता. कडेची पट्टी रिकामी होती. पण ती बंद पडलेल्या गाड्यांसाठी आणि रुग्णवाहिकेसाठी राखलेली असते. तिच्यावरून पुढे घुसणे म्हणजे ज्या क्रेनची आम्ही सगळे वाट पाहत होतो तिचाच मार्ग अडवणे होते. आई पर्सचा पट्टा मुठीत धरून, डोळे मिटून बसली होती आणि थोड्या थोड्या वेळाने “अजून किती रे?” एवढेच विचारत होती. कुंपणापलीकडे, हाकेच्या अंतरावर, जुना रस्ता होता आणि त्यावरून वाहने आपल्या संथ गतीने जात होती.

असे रोज घडत नाही, हे मान्य आहे. एकट्या, धडधाकट माणसाचा अशा वेळी फार तर वेळ जाईल. पण बरोबर म्हातारे माणूस, लहान मूल, गरोदर बाई किंवा गाडी लागणारे कोणी असेल, तर ‘हवे तेव्हा थांबता येणे’ ही सोय न राहता गरज होते. जुन्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटांत पेट्रोलपंप, दवाखाना, दुकान किंवा निदान झाडाच्या सावलीत गाडी नीट बाजूला घेण्याइतकी जागा मिळते. पुढे रस्ता बंद असल्याचे कळले तर एखादा फाटा गाठून वळसा घालता येतो. लांबच्या प्रवासात एक्झिट बऱ्याच असतात आणि ठरावीक अंतरावर विश्रांतीच्या जागाही असतात. ६० किलोमीटरच्या प्रवासात मध्ये एखाद-दुसरीच एक्झिट येते, आणि त्यामुळे एकाच ठिकाणच्या कोंडीने सगळा बेत अडकू शकतो. जुन्या रस्त्यावर उशीर होतो तो बहुधा १०-१५ मिनिटांचा आणि अगोदर धरून चालता येईल असा. नव्या रस्त्यावरचा उशीर क्वचित होतो, पण झाला तर तो किती होईल हे कोणी सांगू शकत नाही. गावात कार्यक्रमाला किंवा डॉक्टरांच्या वेळेवर पोहोचायचे असते तेव्हा मला पहिल्या प्रकारचा उशीर परवडतो.

आता जुन्या रस्त्याचा खरा दोष, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. दुपदरी रस्त्यावर पुढे संथ ट्रक लागला की ओव्हरटेक करण्याचा मोह होतो, आणि या रस्त्यावरचा सगळ्यांत धोकादायक क्षण तोच. ट्रक ताशी ५०ने आणि आपण ७०ने जात असू, तर आपण त्याच्यापेक्षा सेकंदाला साधारण साडेपाच मीटरच जास्त सरकतो. त्याच्या मागे ठेवलेले २० मीटर, त्याची १२ मीटर लांबी, आपल्या गाडीचे ४ मीटर आणि परत आपल्या लेनमध्ये येताना सोडायचे २० मीटर मिळून ५६ मीटर होतात, म्हणजे सुमारे १० सेकंद. तेवढ्या वेळात आपली गाडी जवळपास १९५ मीटर पुढे जाते, आणि समोरून कोणी ७०नेच येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. थोडक्यात, ४०० मीटर तरी रस्ता स्वच्छ मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढलेली गाडी दैवावर सोडलेली असते. वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा वस्तीजवळ एवढा रस्ता दिसतच नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. त्या ट्रकच्या मागे शांतपणे १० किलोमीटर काढले तर १२ मिनिटे लागतात. ओव्हरटेक करून ७०ने गेलो तर साडेआठ. फरक साडेतीन मिनिटांचा आहे, आणि पुढच्या चढावर किंवा गावाच्या वेशीवर रस्ता रुंद होतो तेव्हा ट्रक बहुधा आपणहून मागे पडतो. ही साडेतीन मिनिटे मनापासून सोडून देता येत असतील तर जुन्या रस्त्याचा मोठा धोका बराच आवाक्यात येतो. ज्याला पुढे वाहन दिसले की बेचैनी येते, त्याने नव्या रस्त्यानेच जावे; ही टीका नव्हे, स्वभाव ओळखून रस्ता निवडावा एवढेच म्हणणे आहे.

रात्रीच्या बाबतीत माझे मत उलटे आहे. जुन्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांसाठी दिवे खाली करावे लागतात, आणि तेव्हा उजेड साधारण ५० मीटरच्या आसपासच पडतो. ताशी ७०ने जाणाऱ्या चालकाला अडथळा दिसून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ५० मीटर सहज संपतात. त्यात समोरचा झोत डोळ्यांवर असेल आणि कडेने दिव्याशिवाय सायकल चालली असेल, तर ती दिसण्याआधीच आपण तिच्यापाशी पोहोचलेलो असतो. म्हणून अंधार पडल्यावर मी नव्या रस्त्यानेच येतो, आणि कोंडीची शक्यता पत्करतो. मुसळधार पावसात निवड कठीण आहे: जुन्या रस्त्यावर पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत, तर नव्या रस्त्यावर वेग जास्त असल्यामुळे साचलेल्या पाण्यावर टायरची पकड सुटण्याची भीती असते. वेग मनापासून उतरवणार असाल तर अशा वेळीही नवा रस्ता थोडा बरा, असे मला वाटते.

नवा रस्ता निवडलात तर उतरताना एक काळजी अवश्य घ्यावी. अर्धा तास १००च्या आसपास चालवल्यावर डोळ्यांना त्या वेगाची सवय होते आणि ६० म्हणजे गाडी जवळजवळ उभी आहे असे वाटू लागते. एक्झिटच्या वळणावर आणि त्यापुढच्या गावातल्या रस्त्यावर स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. काटा पाहूनच वेग उतरवावा. जुन्या रस्त्याने गेल्यास हा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक वस्तीत वेग आपोआप उतरत जातो आणि गावात शिरताना चालक आधीच सावध असतो. तुलनांमध्ये ही गोष्ट सहसा येत नाही, पण लहान मुले खेळत असलेल्या गल्लीत पोहोचताना मला ती मोलाची वाटते.

दोन्हींमध्ये अजूनही मन ठरत नसेल, तर निर्णय घरी बसून पक्का करू नये, असे सुचवतो. शहराबाहेर पडताना असा एक फाटा असतो की तिथून दोन्हीकडे जाता येते. नकाशावर तो आधी हेरून ठेवावा, आणि त्याच्या अलीकडे गाडी सुरक्षित जागी थांबवून, किंवा शेजारी बसलेल्याला सांगून, मोबाइलवरच्या नकाशात पुढची वाहतूक पाहून घ्यावी. नव्या रस्त्यावर कोंडी दाखवणारी थोडीशीही लाली दिसली तर जुन्या रस्त्याला वळावे, कारण पुढे गेल्यावर ती लाली वाढली तर वळायला वाव नसतो. दोन्हीकडे रस्ता मोकळा असेल, उजेड असेल आणि गाडीत घरची मंडळी असतील, तर मी तरी तिथून जुन्या रस्त्यालाच लागेन.